एक जास्त

१

यवतमाळच्या एका आरोग्य मंडळात गौरी संगणक सांभाळायची. कागदावर तिचं पद भारदस्त होतं, पण मंडळात सगळे तिला 'नेटवाल्या मॅडम' म्हणत. मंडळाची पांढरकवडा, वणी आणि मारेगाव इथं तीन केंद्रं होती. तिथं रोज डॉक्टर जाणं शक्य नव्हतं, म्हणून पेशंट केंद्रात येऊन कॅमेऱ्यासमोर बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि यवतमाळहून डॉक्टर रजनी त्यांना विचारपूस करून औषध सांगायच्या. खेड्यातल्या माणसांनी हे फार लवकर अंगवळणी पाडून घेतलं होतं. नुसतं 'टीव्हीवाली डॉक्टरीण' म्हटलं की सगळ्यांना समजायचं.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. चित्र मध्येच गोठतं, आवाज तुटतो, पेशंट 'दुखते' म्हणतो आणि ते डॉक्टरांना चार सेकंदांनी ऐकू येतं. कुठलं तरी यंत्र लाइन खात होतं. ते कोणतं, हे शोधायला गौरीनं सगळीकडे एक छोटं साधन बसवायचं ठरवलं. या साधनाला रंगीत बटणं नव्हती की चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचं, की खाली ओळी उमटायला लागतात. एक ओळ म्हणजे जाळ्यातलं एक यंत्र. ओळीपुढे दोन पट्ट्या, एक त्या यंत्राकडून येणाऱ्या माहितीची, एक त्याच्याकडे जाणाऱ्या. यंत्र जितकं बोलेल तितकी पट्टी लांब होते, गप्प बसलं की आखडते. बस, एवढंच.

यवतमाळच्या सर्व्हरवर लिनक्स ही प्रणाली होती. तिथं हे साधन दोन मिनिटांत बसलं. कार्यालयात सहा यंत्रं होती, ती तिनंच लावलेली. क्रमांकही तिनंच दिलेले, अकरापासून सोळापर्यंत.

पडद्यावर सात ओळी आल्या.

कोणाचा तरी मोबाइल वायफायला जोडलेला असेल, असं म्हणून तिनं सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. सातवी ओळ तशीच. मग ती खोल्याखोल्यांतून फिरली, टेबलाखाली वाकली, प्रत्येक यंत्राला हात लावून मोजलं. सहाच होती.

मंडळाचे सचिव सदाशिवराव चहा पीत तिची ही धावपळ बघत होते. "काय हरवलं, मॅडम?"

"हरवलं नाही, सर. एक जास्त दिसतंय."

"मग कायले जीवाला घोर लावता? कमी दिसलं असतं तर पोलिसांत गेलो असतो." ते हसले आणि बशी खाली ठेवली.

गौरीही हसली. पण त्या जास्तीच्या ओळीचा क्रमांक सतरा होता, ही गोष्ट तिला खटकली. बाहेरचं यंत्र चुकून घुसलं असतं तर त्याचा क्रमांक कुठलाही असता. हे मात्र तिच्या सहा यंत्रांच्या मागं रांगेत येऊन उभं राहिल्यासारखं होतं.

२

दुसऱ्या दिवशी ती पांढरकवड्याला गेली. तिथले केंद्रप्रमुख नीळकंठराव स्वतःचा मॅक संगणक वापरायचे. त्याच्यावर हे साधन थेट बसत नाही, आधी दुसरं एक बसवावं लागतं, ते मग याला घेऊन येतं. त्यात दीड तास गेला. हायवेवरून ट्रक जायचा तशी खिडकीची काच थरथरायची आणि नीळकंठराव दर वेळी खिडकीकडे बघून 'जाऊ द्या' म्हणायचे, जणू ट्रकनं त्यांची परवानगी मागितली होती.

केंद्रात तीन यंत्रं. ओळी चार. चौथीचा क्रमांक पुन्हा रांगेतला, तिसऱ्याच्या लगेच पुढचा.

वणीला तर संगणकच नव्हता. तळहाताएवढ्या बोर्डावर सगळं चालायचं. कोळशाची बारीक धूळ त्याच्या पंख्यात जाऊन बसली होती. ती पुसून गौरीनं साधन चढवलं. तिथंही एक जास्त.

प्रत्येक यंत्राच्या जोडणीवर ते बनवणाऱ्याची खूण असते, बारा आकड्यांची. त्या जास्तीच्या ओळींची खूण गौरीनं काढून पाहिली. तिन्ही ठिकाणी बाराच्या बारा शून्यं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ती ओळ दिवसभर झोपलेली असायची. डॉक्टर रजनींचा कॉल लागला की जागी व्हायची. पेशंट बोलायला लागला की तिची पट्टी लांब व्हायची. इथपर्यंत ठीक होतं, कॉल कुठं तरी साठवला जात असेल. पण कॉल संपला, डॉक्टरांची ओळ मावळली, तरी ही आणखी चार-पाच मिनिटं जागीच राहायची. कधी येणारी पट्टी लांब, कधी जाणारी. आळीपाळीनं.

वणीच्या बस स्टँडसमोर गाडीत बसून गौरीनं स्वतःची समजूत घातली. सगळीकडची मांडणी आपणच केली आहे, म्हणजे चूकही आपलीच, आणि ती एकाच छापाची सगळीकडे उमटली आहे. चूक आपली आहे असं वाटल्यावर तिला उलट बरं वाटलं. मारेगाव परतीच्या वाटेवरच होतं. तिथलं आटोपलं की घरी जाऊन शांतपणे शोधू, असं ठरवून तिनं गाडी काढली.

३

मारेगावचं केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. बाहेर बाक, आत कॅमेरा, एक जुना विंडोज संगणक आणि एक प्रिंटर. केंद्र सांभाळायची पंचफुला. चाळिशीची, खणखणीत आवाजाची परिचारिका. तालुक्यातली एकेक वस्ती तिला नावानिशी माहीत.

"या मॅडम. तुमची वाट पाहून राह्यलो होतो. आमचा डबडा नीट करूनच जा बरं आज."

डबड्यानं चांगलंच छळलं. विंडोजवर हे साधन चालतच नाही, त्याच्या पोटात आधी छोटं लिनक्स वसवावं लागतं. संगणक तीनदा बंद पडून उठला. बाहेरच्या बाकावर बायाबापड्या खोकत, गप्पा मारत बसल्या होत्या. उन्हं दारातून आत आली होती. अखेर काळ्या पडद्यावर ओळी आल्या, तेव्हा गौरीनं त्या आधी हातानं झाकल्या आणि मग एकेक बोट बाजूला केलं.

तिचा लॅपटॉप धरून तीन हव्या होत्या. चार होत्या.

तेवढ्यात पंचफुलानं पुढच्या पेशंटला हाक मारली. लालीबाई, जवळच्या तांड्यावरची. साखरेचा आजार, आणि तळपायाला दोन महिन्यांपासून न भरणारी जखम. तिनं हेडफोन सवयीनं कानावर चढवले. कॉल लागला. डॉक्टर रजनींनी पाय कॅमेऱ्यापुढे धरायला लावला, गोळ्या बदलल्या, मंगळवारी पुन्हा बोलू म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडद्यावरून गेला.

लालीबाई उठली नाही. हेडफोन कानावर तसेच ठेवून, रिकाम्या पडद्याकडे बघत तिनं मान हलवली.

"हाव... हाव बापू. झोपते न थो. आतल्या खोलीत." थोडा वेळ थांबली. "नाई, थंडी नाई वाजत त्याले. हाव."

गौरीची नजर ओळींवर गेली. डॉक्टरांची ओळ मावळली होती. ती चौथी ओळ मात्र चांगली जागी होती. लालीबाई बोलली की जाणारी पट्टी लांब. लालीबाई थांबली की येणारी.

"पंचफुलाताई," तिनं हळूच विचारलं, "या कोणाशी बोलतायत?"

"दुसऱ्या डॉक्टरशी." पंचफुला गोळ्या मोजत होती, तिनं वरही पाहिलं नाही. "मॅडम झाल्या की थे येतेत. लय चांगले हायेत बिचारे. रजनी मॅडमले टाइम नसते, हे घरची चौकशी करतेत. कोन कोन असते, कोन कुठं झोपते, असं."

४

गौरी फोन घेऊन बाहेर रस्त्यावर आली. डॉक्टर रजनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "दुसरा डॉक्टर? गौरी, इथं मला एकटीला पगार द्यायची मारामार आहे. दुसरा कुठून आणतील?"

"मॅडम, कोणीतरी तुमच्यानंतर पेशंटशी बोलतं."

"काय बोलतं?"

"घरी कोण कोण असतं, विचारतं."

रजनी म्हणाल्या, "पंचफुलाची नोंदवही बघ बरं. मागच्या महिन्यापासून तिच्याकडचे कुटुंबांचे आकडे चुकतायत. मला वाटलं, घाईत लिहिते."

गौरी आत आली तेव्हा लालीबाई बाहेर बाकावर जाऊन बसली होती. नोंदवही पंचफुलानं आनंदानं पुढं केली. प्रत्येक पेशंटच्या नावापुढे घरातली माणसं लिहिलेली होती. सप्टेंबरात लालीबाईच्या घरी पाच. नोव्हेंबरात सहा. खालच्या नावापुढे चार, मग पाच. त्याखाली तीन, मग चार. व्हिडिओवर बोलणारे अकरा जण होते, आणि अकराही घरांत एक माणूस वाढलेलं.

"अकरा घरांत बाळंतपणं झाली का, ताई?"

पंचफुला हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिनं वही आपल्याकडे ओढली आणि बोट फिरवत राहिली. "थे सांगतेत तसं म्या लिवते, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "म्या काही घरी जाऊन मोजत नाही."

गौरी बाकावर लालीबाईशेजारी जाऊन बसली. "आजी, घरी किती जण तुम्ही?"

"सहा."

"कोण कोण?"

लालीबाईनं बोटं उघडली. "मी. माहा मालक नेमसिंग. पोरगा अमर. सून प्रेरणा. अन् अमरची पोरगी." पाच बोटं झाली. तिनं दुसरा हात वर केला, त्याचा अंगठा धरला आणि तशीच राहिली. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग संकोच. घरातल्याच माणसाचं नाव आठवू नये, याचा संकोच.

"अन् थो," ती अखेर म्हणाली.

"तो कोण?"

"थोच न. आतल्या खोलीतला."

५

गौरीचा स्वभाव घाबरायचा नव्हता. कुठला तरी हलकट माणूस लाइनीत शिरला आहे, म्हाताऱ्या माणसांकडून घरची माहिती काढतो आहे, उद्या त्याच घरांत चोऱ्या होतील. तिच्या मते हे असंच होतं, आणि याला उपाय होता. तिनं पेशंटांना अर्धा तास थांबायला सांगितलं, पंचफुलालाही बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

आधी तिनं त्या क्रमांकाला बंदी घातली. ओळ गेली. दहापर्यंत मोजेस्तोवर पुढच्या क्रमांकावर परत आली.

मग तिनं भिंतीतून येणारी केबल उपसली. संगणकाला आता बाहेरच्या जगाशी जोडणारं काहीच नव्हतं. ओळी एकामागून एक विझल्या. संगणकाची स्वतःची, प्रिंटरची, तिच्या लॅपटॉपची.

एक उरली.

गौरी पडद्याकडे बघत राहिली. साधन जुनं चित्र दाखवत असेल, ती स्वतःशी म्हणाली. तिनं ते बंद करून पुन्हा सुरू केलं. कोऱ्या काळ्या पडद्यावर ती एकच ओळ आली. तिची येणारी पट्टी हळूहळू लांब होत होती.

टेबलावर हेडफोन पडले होते. त्यातून काही ऐकू येत नव्हतं. तिनं ते उचलून एका कानाला लावले.

खरखर नव्हती. एक खोली होती. बंद, मऊ, भिंतींना गादी लावावी तशी दबलेली. त्या खोलीत कोणीतरी अगदी जवळ होतं. श्वास ऐकू येत नव्हता, पण बोलायच्या आधी माणूस ओठ सोडवतो, तो बारीक आवाज आला.

"बाई," आवाज म्हणाला, "घरी कोन कोन असते?"

ओळखीचा आवाज नव्हता. पण बोलण्याची ढब लहानपणच्या शेजारपाजाऱ्यांची होती, भर दुपारी दारात टेकून सहज चौकशी करणाऱ्यांची. इतकी सहज, की उत्तर तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. नवरा, म्हणायला तिनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात आपल्या डाव्या मुठीकडे तिचं लक्ष गेलं. उपसलेली केबल तिनं अजून घट्ट धरून ठेवली होती.

तिनं हेडफोन फेकले आणि दार उघडून उन्हात आली.

६

तांड्यावर चला, असं गौरीनंच म्हटलं. पंचफुलानं आढेवेढे घेतले नाहीत. लालीबाईला मागच्या सीटवर बसवून दोघी निघाल्या. दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली शेतं, डोक्याला फडकं बांधलेल्या बाया, बांधावर पांढरी गाठोडी. 

नेमसिंग अंगणात बाज विणत होता. सत्तरीचा, ताठ माणूस. त्यानं बायकोला हाताला धरून उतरवून घेतलं आणि पाहुण्यांसाठी दुसरी बाज झटकली.

"दादा, एक विचारू?" गौरी म्हणाली. "घरी तुम्ही किती जण?"

नेमसिंगचे हात थांबले. त्यानं घराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"बरं झालं विचारलं बाई. म्या कोणाले विचारू शकत नोतो. पाच जण हाओत आम्ही. म्या रोज मोजतो. पण सून सहा जणाचं रांधते. पोरगं सहाव्यासाठी चादर घेऊन आलं वणीच्या बाजारातून. म्या म्हटलं, काहून आणली? तर माह्याकडेच पाहून राह्यला, बापाले वेड लागलं असं."

"आतल्या खोलीत कोण राहतं?"

"कोन राह्यते? कापूस भरला हाय तिथं. पत्र्यापर्यंत. मांजर मावनार नाही." तो उठला. "या, पाहून घ्या."

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत जेवणं चालली होती. अमर आणि त्याची लहान मुलगी जेवत होते, प्रेरणा चुलीपाशी. तिनं लालीबाईचं आणि नेमसिंगचं ताट वाढलं, एक स्वतःचं बाजूला ठेवलं. मग सहावं वाढलं. भाकरी, वरण, तिखटाचा गोळा. ते घेऊन आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली, खाली ठेवलं, बोटांनी आत लोटलं आणि परत चुलीपाशी येऊन बसली. सगळं अगदी सवयीनं, कोणी आजारी माणूस घरात असावा तसं.

गौरी दारापाशी गेली. आत खिडकी नव्हती. दारातून जेवढा उजेड पडत होता, तेवढ्यात कापूस दिसत होता. पांढरा, फुगलेला, उंबऱ्यापासूनच चढत गेलेला. वर पत्र्यापाशी काळोख. नेमसिंग म्हणाला ते खरं होतं, तिथं जागाच नव्हती. ताट उंबऱ्याच्या आत ठेवायलासुद्धा तिथं जागा नव्हती.

पण ताट दिसत नव्हतं.

ढिगाच्या मध्यावर, गौरीच्या छातीच्या उंचीवर, कापूस आत दबलेला होता. माणूस पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसावा, तेवढा खड्डा. त्यातला काळोख इतर काळोखापेक्षा गडद होता. तिनं डोळे बारीक केले. कोणीतरी घास चावत असल्याचा आवाज येत होता, तो अमरचाच असावा असं तिनं ठरवलं. वळून पाहिलं. अमर पाणी पीत होता, पोरगी हात धूत होती.

तेव्हा धातू जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

कापसाच्या बुडातून ताट बाहेर येत होतं. हळूहळू, अडखळत, उंबऱ्याच्या उजेडात. ताटाच्या काठावर पलीकडून काहीतरी टेकलेलं होतं. ते लांबट होतं, कापसासारखंच पांढरं, आणि उजेड लागण्याआधी मागं सरलं. ताट पुसून घेतल्यासारखं लख्ख होतं.

प्रेरणानं वळूनही न बघता हात लांब केला, ताट घेतलं आणि उरलेल्या भांड्यांत ठेवलं.

गौरी अंगणात आली. पंचफुला आधीच गाडीत जाऊन बसली होती, काचा वर करून.

७

जे पाहिलं ते अहवालात लिहिणं शक्य नव्हतं. तिनं लिहिलं, 'जाळ्यात अज्ञात यंत्र. रुग्णांच्या माहितीला धोका. व्हिडिओसेवा तात्काळ बंद करावी.' सदाशिवरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि या खेपेला गंमत न करता सही केली.

सेवा बंद झाली. संध्याकाळीच पंचफुलाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या भेवापायी अकरा जणाचा इलाज बंद करता? लालीबाईचा पाय काळा पडून राह्यला. तिले कोन पाहील?"

"ताई, तुम्ही काचा वर केल्या होत्या त्या दिवशी."

"हाव," पंचफुला म्हणाली. "पन पाय तर पाय हाय न."

हे गौरीला खोडता आलं नाही. तिनं डॉक्टर रजनींना सगळं सांगितलं, ताटासकट. रजनींनी विश्वास ठेवला की नाही ते समजलं नाही, पण त्या मंगळवारी स्वतः गाडी काढून मारेगावला गेल्या आणि तिथून पुढे दर मंगळवारी जाऊ लागल्या. लालीबाईची दोन बोटं गेली, पाय वाचला.

दोन आठवड्यांनी केंद्रातली यंत्रं उचलायला गौरी पुन्हा मारेगावला आली. सामान गाडीत भरत असताना समोरून एक टेम्पो आला आणि थांबला. पुढं ड्रायव्हर एकटा. मागं गाद्या, भांडी, बाज, आणि त्यांच्यात बसलेलं नेमसिंगचं सगळं घर.

नेमसिंग खाली उतरला. "निघालो, बाई. वणीकडे बहिणीच्या गावी. थे घर नको आता."

"कापूस?"

"उचलला सगळा. खोली झाडून काढली. खाली काहीच नाही निघालं. मले वाटलं, मोकळी झाली म्हनजे बरं वाटन. पन बाई, कापूस होता तवा निदान म्हनता येत होतं, तिथं जागा नाही."

तो पुन्हा वर चढला. टेम्पो सुरू झाला. निरोपाचा हात हलवता हलवता गौरीनं सवयीनं मोजलं. सहा. तिचा हात हवेतच राहिला. तिनं नावं घेत मोजलं. लालीबाई. नेमसिंग. अमर. प्रेरणा. मांडीवरची पोरगी. पाच. प्रत्येक चेहरा ओळखीचा, एकही अनोळखी नाही. पुन्हा नुसती डोकी मोजली.

सहा.

टेम्पो वळणावर गेला. लालीबाईनं अंगावरची चादर सोडवली आणि तिचं टोक शेजारी पांघरलं. वारा होता.

पंचफुला दारात उभी राहून हे बघत होती. तिनं पाहिलं का, काय पाहिलं, गौरीनं विचारलं नाही. शेवटची वायर गुंडाळून देताना पंचफुला म्हणाली, "मॅडम, एक सांगाचं होतं. रागावू नका. त्या दिवशी तुम्ही फोनवर बोलाले बाहेर गेल्त्या न, तवा म्या हेडफोन लावले होते. म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरले सांगाव, आमच्या मॅडम आल्या म्हनून."

"मग?"

"त्याईनं तुमच्याबद्दल विचारलं. तवा मले काही ठाव नोतं, मॅडम. म्या सांगतलं, यवतमाळच्या हायेत. नवरा हाय, एक पोरगी हाय."

८

परतीच्या रस्त्यात गौरीनं गाडी कुठंही थांबवली नाही. घरी पोहोचली तेव्हा दिवेलागणी झाली होती. तिचा नवरा पियूष नेहमीसारखा लवकर आला होता, त्यानं चहा टाकला. तिनं चप्पल न काढताच दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर बघून घेतलं. कपाटं उघडली. पलंगाखाली वाकली. काही नव्हतं. पियूषनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दमलेय, बस. तो चहा घेऊन तिच्या शेजारी सोफ्यावर बसला. त्याच्या खांद्याला खांदा लागला तसा तिला जरा धीर आला.

त्यांची मुलगी समीक्षा दुसरीत होती. शाळेतून आरोग्यपत्रिका भरून आणायला दिली होती आणि ती आपणच भरणार म्हणून तिनं हट्ट धरला होता. जमिनीवर पालथी पडून, जीभ दातांत धरून ती लिहीत होती.

"आई, कुटुंबातल्या व्यक्ती म्हणजे घरचेच न?"

"हो, घरचेच."

"बाबांचं लिहिलं. तुझं लिहिलं. माझं लिहिलं."

"झालं मग. दप्तरात ठेव."

"झालं कुठं?" समीक्षा कागदाकडे बघत म्हणाली. "एक राहिला न."

पियूष हसला. "कोण ग राहिला?"

समीक्षानं पेन्सिल ओठांवर टेकवली. आठवून पाहिलं. चेहऱ्यावर थोडा गोंधळ आला, थोडा संकोच.

"थांबा," ती म्हणाली, "विचारून येते." आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेली.

गौरीला उठायचं होतं. पियूषचा हात तिनं एवढा दाबला की त्याच्या कपातला चहा हिंदकळला. आतून समीक्षाचा आवाज आला, नेहमीचा, काहीतरी विचारणारा. मग ती गप्प झाली. मुलं कोणी नीट समजावून सांगत असलं की गप्प होतात, तशी.

मग कागदावर पेन्सिल चालायला लागली. आपलं तीन अक्षरी नाव लिहायला समीक्षाला वेळ लागत नसे. ही पेन्सिल मात्र चालतच राहिली.